रिव्हॅल 'नो चेंज' आलं तरी मार्क वाढले, माझा अनुभव

पाचव्या सेमला एका पेपरला ८० पैकी २१ आले, बाकी सगळ्यात पन्नासच्या वर. रिव्हॅल (पेपर पुन्हा तपासून घेण्याचा अर्ज) भरलं, निकाल 'नो चेंज'. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात दोनदा गेलो, साइट पाहा म्हणे. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागायची तारीख तोवर निघून गेली होती. डोकं फिरून गेलं होतं खरंच.

मग माहितीचा अधिकार २००५ खाली अर्ज केला. सिव्हिल लाइन्सला कोर्टाजवळून १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प घेतला, अर्जावर लावला, विद्यापीठाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे एवढंच लिहिलं: माझा सीट नंबर, पेपरचं नाव, उत्तरपत्रिकेची पुरवण्यांसकट प्रमाणित प्रत द्या. आपला पेपर आपल्याला पाहता येतो हे सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच सांगितलंय. 'मार्क का कमी दिले' असं विचारू नका, प्रतच मागा. उत्तराची मुदत ३० दिवस, मला २६व्या दिवशी मिळाली.

आता नीट वाचा. उत्तरं वाचत बसलो नाही, आधी आतले लाल आकडे पहिल्या पानावरच्या चौकटींशी एकेक करून ताडले आणि तिथंच सापडलं, प्रश्न ४ पुरवणीत होता, आत १३ गोल करून लिहिलेले, बाहेर चौकट कोरी! म्हणजे तपासणी बरोबर होती, बेरीज चुकली होती.

म्हणून पुन्हा रिव्हॅल नाही, 'बेरीज दुरुस्ती' असा विषय टाकून परीक्षा नियंत्रकांना अर्ज, त्या दोन पानांची झेरॉक्स जोडून, प्राचार्यांची सही घेऊन, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतला (हे विसरू नका बाप्पा). तीन आठवड्यांनी नवीन मार्कशीट आली, ३४, पास.