स्टॉपवॉच न लावता स्प्रिंगचा दोलनकाल कसा काढावा

स्प्रिंगला टांगलेलं वजन एकदा खाली-वर व्हायला किती वेळ घेईल, हे त्याला हलवण्याआधीच सांगता येतं, तेही नुसत्या मोजपट्टीने. शाळेत सूत्र पाठ होतं, पण ही गंमत राहून जाते. म्हणून हा प्रयोग घरी जरूर करून पाहा.

१०० ग्रॅमला साधारण ५ सेंटिमीटर ताणली जाणारी स्प्रिंग घ्या. बॉलपेनमधली चालणार नाही, ती दाबायची असते. शिवाय छोटी प्लास्टिकची बाटली, वाळू आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा लागेल.

१. स्प्रिंग भक्कम खिळ्याला टांगा, मागे मोजपट्टी चिकटवा.

२. बाटलीसकट वजन १००, १५०, २००, २५० ग्रॅम होईल अशी वाळू भरत जा आणि दरवेळी स्प्रिंगची लांबी लिहा. घट्ट वेटोळ्यांची स्प्रिंग पहिल्या थोड्या वजनाला दाद देत नाही, म्हणून रिकाम्या स्प्रिंगपासून मोजू नका. दर ५० ग्रॅमला लांबी किती वाढते ते पाहा. ही वाढ सारखी आली, की हूकचा नियम तुमच्यासमोर आहे.

३. आता २०० ग्रॅम घ्या. १०० ग्रॅमला ५ सेंटिमीटर, म्हणजे इथे वाढ १० सेंटिमीटर, अर्थात ०.१ मीटर.

दोलनकाल = २ × ३.१४ × √(वाढ ÷ ९.८)

यातले ९.८ म्हणजे पृथ्वीवरचं गुरुत्वत्वरण, आणि वाढ मीटरमध्ये घ्यायची. उत्तर सुमारे ०.६३ सेकंद. सूत्रात वस्तुमान दिसत नाही, कारण ते वाढीतच आलेलं आहे: वजन स्थिर लटकतं तेव्हा स्प्रिंगची ओढ आणि गुरुत्वाकर्षण समसमान असतात.

४. आता पडताळा. बाटली २-३ सेंटिमीटर सरळ खाली ओढून सोडा आणि २० दोलनं मोजा. स्टॉपवॉच सुरू करताना ‘एक’ नव्हे, ‘शून्य’ म्हणा. मोजणी मधल्या जागेवरून खाली जातानाची करा. टोकाला बाटली रेंगाळते, तिथे नेमका क्षण पकडता येत नाही. १२.७ सेकंदांच्या आसपास यायला हवं.

बाटली आपोआप लंबकासारखी डोलू लागली, तर खिळ्यापासून वजनाच्या मध्यापर्यंतचं अंतर वाढीच्या चौपट झालंय का ते बघा. तेव्हा खाली-वर होण्याची ऊर्जा डोलण्यात जाते. दृश्य सुंदर असतं, पण मोजणी बिघडते. स्प्रिंगच्या वरच्या टोकाला दोरा बांधून लांबी बदला.

वेळ थोडा जास्तच येतो, कारण स्प्रिंगही हलते. तिच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश भाग टांगलेल्या वस्तुमानात मिळवायचा. स्प्रिंग ३० ग्रॅमची असेल तर २१० ग्रॅम धरा; २० दोलनांना १३ सेकंद येतील.

हीच बाटली चंद्रावर नेली तर वाढ सहापट कमी होईल, पण गुरुत्वत्वरणही तितकंच कमी, त्यामुळे दोलनकाल तोच राहील. १९७३ मध्ये स्कायलॅब अंतराळस्थानकात, जिथे वजनकाटा निरुपयोगी होता, तिथे अंतराळवीर स्प्रिंगवर झुलणाऱ्या खुर्चीत बसून तिच्या दोलनकालावरूनच आपलं वस्तुमान मोजत.