स्प्लायसिंग शिकताय? मशीन लॉस दाखवते, ताकद दाखवत नाही

आयटीआय किंवा डिप्लोमा करून आमच्या यवतमाळकडे ऑप्टिकल फायबरच्या कामाला लागलेली मुलं स्प्लायसिंग करून, म्हणजे दोन फायबर वितळवून जोडून, जॉइंट झाला की पहिलं विचारतात, ‘लॉस किती आला?’ म्हणजे जॉइंटमध्ये प्रकाश किती वाया गेला. विचारायलाच हवं. पण ०.०२ डीबी (डेसिबल, लॉस मोजायचं एकक) इतका कमी लॉस म्हणजे प्रकाश नीट जातोय एवढंच. जॉइंट टिकेल का, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

लॉस समजायला सोपा. सिंगल मोड फायबरची काच १२५ मायक्रॉनची, त्यातला प्रकाश नेणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. दोन्ही गाभे समोरासमोर आणि काप काटकोनात हवा. काप एक अंशाहून तिरका असेल तर आर्क, म्हणजे काच वितळवणारी विजेची ठिणगी, देऊ नका, पुन्हा क्लीव्ह करा, म्हणजे टोक नव्याने कापा. बाकी बरंचसं मशीन सांभाळते.

ताकद मात्र तुमच्या हातात असते, आणि मला तीच मोठी वाटते. काच तुटते ती पृष्ठभागावरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यापासून. ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी हे १९२१ मध्येच मांडलं. हे ओरखडे बहुतेक आर्कच्या आधीच पडतात. कोटिंग, म्हणजे काचेवरचं प्लास्टिकचं आवरण, काढणाऱ्या स्ट्रिपरचं पातं काचेला घासतं, मुरमाच्या रस्त्यावरची धूळ पुसणीत येते. म्हणून प्रयोगशाळेत जास्त ताकदीच्या जॉइंटसाठी पातं टाळून गरम गंधकाम्लात कोटिंग काढतात. बांधावर तो उद्योग अजिबात करू नका. पण काचेला काही घासू द्यायचं नाही, एवढं त्यातून नक्की घ्या. स्ट्रिपर सरळ धरा. अल्कोहोलच्या वाइपने पुसताना काच चुईं वाजली की स्वच्छ झाली. मग तिला बोट लावू नका. क्लीव्ह केल्यावर पुन्हा पुसायचं नाही.

कारखान्यात फायबर ०.६९ गिगापास्कल ताणावर तपासलेलं असतं, म्हणजे सुमारे ८६० ग्रॅमची ओढ. स्प्लायसिंग मशीनची ओढ-चाचणी साधारण २०० ग्रॅमचीच असते. तेवढीही घाईत बंद करून ठेवणारे असतात, याचं वाईट वाटतं. ओरखड्याला ताण आणि ओलावा दोन्ही मिळाले की तो हळूहळू वाढतो. आपली काळी माती पावसात फुगते, क्लोजरमध्ये, म्हणजे जॉइंट ठेवायच्या बंद डब्यात, पाणी शिरतं, त्यातल्या ट्रेमध्ये फायबर आवळून बसवलेलं असतं, आणि आज पास झालेला जॉइंट काही महिन्यांनी तुटतो. म्हणून ट्रेमध्ये ३० मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण देऊ नका आणि क्लोजरचं सील हाताने चाचपून बघा.

पुढे संशोधनात जायचं मनात असेल तर सुरुवात गावातच होते. ड्रमच्या शेवटी उरलेले तुकडे घ्या, चष्मा लावा. काही नव्या पात्याने, काही झिजलेल्या पात्याने स्ट्रिप करा, वजनं टांगा आणि कोणता तुकडा कितीला तुटला ते वहीत लिहा. एकाच पात्याचे तुकडेही वेगवेगळ्या वजनाला तुटतील, कारण प्रत्येकावरचा सगळ्यात खोल ओरखडा वेगळा. सरासरी काढून थांबू नका, सगळ्यात आधी तुटलेले तुकडे बघा. किती ताणाला किती तुकडे तुटतात ते दाखवणारा वायबुल आलेख म्हणून पुढे जो शिकाल, तो याच वहीतून काढता येतो.