स्नो बाइकचा ब्रेक हाताचा की पायाचा? या चुका टाळा

मोटोक्रॉस बाइकच्या पुढच्या चाकाच्या जागी स्की आणि मागच्या चाकाच्या जागी रबरी ट्रॅक बसवला, की झाली स्नो बाइक. या बदलात एक गोष्ट पटकन ध्यानात येत नाही: पुढच्या ब्रेकला आता धरायला काही उरलेलंच नाही. स्कीला डिस्क नसते. ब्रेक एकच, ट्रॅकचा. उजव्या हाताखालचा लिव्हर मोकळा पडतो आणि प्रश्न उभा राहतो, की हा एकुलता एक ब्रेक दाबायचा कशाने?

बऱ्याच किटमध्ये (स्की-ट्रॅकच्या तयार संचात) तो पायाच्या पॅडललाच जोडायचा असतो, आणि 'चाकाच्या गाडीवर सवय आहेच' म्हणून लोक तसाच ठेवतात. पहिली चूक ही. बर्फात पाय फूटरेस्टवर असेलच याची खात्री नाही. उतारावर आडवं जाताना तोल सावरायला उजवा पाय बाहेर पडला, की ब्रेक गेला. त्यात जाड बुटातून पॅडल किती दाबलं जातंय ते कळत नाही.

खरी परीक्षा गाडी चढावर रुतल्यावर होते. तुम्ही उतरून डावीकडे उभे राहता, क्लच ओढता आणि गाडी मागे घसरू लागते. पॅडल पलीकडच्या बाजूला, बर्फात गाडलेलं. उजवा हात मात्र हँडलवर आहेच. दोन बोटं लिव्हरवर पडली की ट्रॅक जागच्या जागी धरला जातो. डोंगरात, खोल बर्फात फिरणाऱ्याने हाताचाच ब्रेक घ्यावा, असं मला वाटतं ते एवढ्यासाठी.

शर्यतीचं गणित वेगळं आहे. 2017 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेनच्या एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत स्नो बाइकक्रॉस, म्हणजे स्नो बाइकची उड्यांची शर्यत, आलं. तशा उड्यांच्या शर्यतमार्गावर पाय जागेवर असतो आणि उजवा हात रेसच्या मुठीवर मोकळा हवा असतो. हवेत नाक फार वर गेलं तर ब्रेकला हलका टोला द्यायचा, फिरता ट्रॅक थांबतो आणि नाक खाली येतं. हे काम पायाने जास्त सहज होतं.

पॅडल ठेवलं असेल तर त्याच्या खाली बघत जा. बुटाने दाबला गेलेला बर्फ इंजिनच्या उष्णतेने वितळतो आणि थांबलात की पुन्हा गोठतो. मग पॅडल खालीच जात नाही, किंवा अर्धवट दाबलेलं अडकून राहतं. दुसरं जास्त वाईट, कारण गाडी 'आज ओढत नाहीये' एवढंच जाणवतं. तोवर पॅड डिस्कला घासत राहतात, ब्रेक ऑइल उकळतं आणि पॅडल स्पंजासारखं होतं. डॉट 4 या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश असतो, ओलावा शोषल्यावर तोच 155 पर्यंत उतरू शकतो. शंका आली की थांबा, पॅडल हाताने हलवून बघा, थोडी मोकळी चाल लागली पाहिजे.

'मग दोन्ही ठेवू' हा विचार येतोच, आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक इथे होते: हाताचा आणि पायाचा पाइप टी जॉइंटने एकत्र करून एकाच कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीला) देणं. दिसायला सोपं, पण चालत नाही. मास्टर सिलिंडर (लिव्हर किंवा पॅडलच्या जोराने तेल दाबणारा भाग) दाबलेला नसतो तेव्हा त्याच्या टाकीकडे जाणारं बारीक छिद्र उघडं असतं. तुम्ही लिव्हर दाबता आणि तेल कॅलिपरवर जोर लावायचं सोडून पॅडलच्या टाकीत निसटतं. लोक याला हवा समजून तासन्‌तास ब्लीड करत (पाइपमधली हवा काढत) बसतात. पॅडलच्या टाकीचं झाकण काढून दुसऱ्या कुणाला लिव्हर हळूच दाबायला सांगा. तेल वर येताना दिसलं तर दोष हवेचा नाही. (चेहरा लांब ठेवा, आणि सांडलेलं तेल लगेच पुसा, रंग खातं.) दोन्ही हवेतच, तर दोघांना स्वतंत्र कॅलिपर द्या, नाहीतर मध्ये शटल व्हॉल्व्ह (एका वेळी एकाच बाजूचं तेल पुढे सोडणारी झडप) किंवा पहिल्याचं तेल आरपार जाऊ देणारा दुसरा सिलिंडर बसवा.

हाताचा ब्रेक जोडताना हाताशी असलेला कुठलाही मास्टर सिलिंडर लावू नका. लिव्हर दगडासारखा कडक आणि ट्रॅक तरी फिरतोय, म्हणजे पिस्टन जाड. लिव्हर ग्रिपला टेकतोय आणि हवा नक्की नाही, म्हणजे पिस्टन बारीक. फरक थोडका नसतो: 9 मिमीऐवजी 11 मिमीचा पिस्टन लावला तर तेवढ्याच जोराला दाब सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो.

पाइप बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, फोर्क दाबून बघा. कुठेही ताण नको, ट्रॅकजवळ तर स्पर्शही नको. हवेचा शेवटचा बुडबुडा बहुधा मास्टर सिलिंडरपाशी, पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टजवळ अडकतो. कडाक्याच्या थंडीसाठी डॉट 5.1 बरं, उणे 40 अंशांना त्याची जास्तीत जास्त मान्य चिकटपणा 900, तर डॉट 4 चा 1800 सेंटीस्टोक. पण डॉट 5 म्हणजे सिलिकॉन, ते यात मिसळायचं नाही.

आणि पॅडल निकामी केलंत तर काढूनच टाका. घाबरल्यावर पाय जुन्याच जागी जातो.

रात्री गाडी उभी करताना लिव्हर पट्ट्याने आवळून ठेवू नका, ओले पॅड डिस्कला गोठून बसतात. सकाळी पहिल्या उताराआधी ब्रेक दोन-तीनदा हलका दाबून डिस्कवरचा बर्फ घासून काढा.