डेन्व्हरला नवीन आलात? काचेआधी कॅमेऱ्याचं विचारा

डेन्व्हरचा पहिला हिवाळा लागला की दोन गोष्टी ठरलेल्या. कोरड्या हवेने नाकातून रक्त येतं आणि गाडीच्या पुढच्या काचेला खडा लागतो. पहिल्यावर उपाय सोपा, रात्री खोलीत ह्युमिडिफायर लावा. दुसऱ्यासाठी हे लिहितेय. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर नोव्हेंबर ते मार्च दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच, "काच बदलणारा स्वस्त कोण आहे?" आणि मग चार जण चार नंबर टाकतात. मी चौदा वर्षं इथे आहे, प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसलाय.

इथे बर्फ पडला की चाकं घसरू नयेत म्हणून रस्त्यावर वाळू आणि बारीक खडी टाकतात. बर्फ वितळतो, खडी राहते. आय-२५ हायवेवर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून हरभऱ्याएवढा खडा उडतो, टक्‌ असा आवाज येतो आणि काचेला टवका उडालेला असतो. खडीच्या ट्रकांवर मागे पाटी असते, "२०० फूट लांब राहा, काच फुटल्यास आम्ही जबाबदार नाही." नुसती पाटी लावून कुणाची जबाबदारी जात नाही, पण ताशी पासष्ट मैलांच्या वेगात खडा नेमका कुठल्या ट्रकचा होता हे तुम्ही सिद्ध कसं करणार? तेव्हा लांब राहा हे उत्तम.

टवका उडाला म्हणजे लगेच काच बदलायची असं नाही. क्वार्टरच्या नाण्याखाली झाकला जाईल एवढा टवका असेल, तर त्यात रेझिन भरून तो बुजवतात. तड्याला डॉलरच्या नोटेचं माप लावतात, नोटेपेक्षा लांब असेल तर बहुतेक ठिकाणी काच बदलायलाच सांगतात. टवका ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर किंवा आरशामागच्या कॅमेऱ्यासमोर असेल, तर लहान असला तरी बुजवून भागत नाही, कारण रेझिन भरल्यावरही तिथे डाग राहतो. दुकानात जाईपर्यंत वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा, आत धूळ-पाणी जाऊ देऊ नका. आणि कृपा करून सकाळी काचेवरचा बर्फ काढायला चहाच्या आधणासारखं पाणी ओतू नका. दर वर्षी एक तरी नवा मुलगा हे करतो आणि टवक्याचा हातभर तडा होतो. डीफ्रॉस्टरसुद्धा एकदम फुल्ल करू नका.

आता मुद्द्यावर. नाना पेठेत गाडी नेली, काच बदलली, चहा पिईपर्यंत काम झालं, ही आपली सवय. तेव्हाच्या गाडीत काच म्हणजे वारा आणि पाऊस अडवणारी वस्तू होती. आता तुमच्या टोयोटात, होंडात, सुबारूत आतल्या आरशामागे जो काळा डबा दिसतो, त्यात कॅमेरा आहे. लेनचे पट्टे, पुढची गाडी, रस्ता ओलांडणारा माणूस हे सगळं तो काचेतून बघतो आणि त्यावर गाडी आपणहून ब्रेक मारायचा की नाही, स्टिअरिंग ओढायचं की नाही, हे ठरवते. वीस मोठ्या कंपन्यांनी २०१६ मध्ये कबूल केलं होतं की सप्टेंबर २०२२ पर्यंत आपोआप ब्रेक लागण्याची सोय जवळपास प्रत्येक नव्या हलक्या गाडीत देऊ. म्हणजे आज तुम्ही चार-पाच वर्षं जुनी गाडी घेतलीत तरी तिच्यात कॅमेरा असण्याचीच शक्यता जास्त. तिकडे भारतातही हेच होऊ घातलंय बरं का. २०२१ मध्ये आलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही७०० च्या वरच्या मॉडेलांतही तसाच कॅमेरा काचेमागे बसलेला आहे.

काच काढली की कॅमेरा सुटतो. नवी काच बसवून तो परत अडकवतात, पण नव्या काचेची जाडी, वाक आणि कॅमेऱ्याचं ब्रॅकेट यांत केसभर फरक पडतोच. कॅरममध्ये स्ट्रायकर आपल्या बाजूला तसूभर चुकला तरी समोरच्या कोपऱ्यात सोंगटी भोकाला चुकते, तसं. हिशोब करून बघा. कॅमेऱ्याची नजर एका अंशाने फिरली, तर शंभर मीटरवर पावणेदोन मीटरची चूक होते. इंटरस्टेटची लेन १२ फुटांची, म्हणजे साडेतीन मीटरपेक्षा थोडी जास्त. जवळजवळ अर्धी लेन गेली! म्हणून काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करायचं असतं, म्हणजे त्याची नजर परत नेमकी जुळवायची असते.

मला हे कसं कळलं ते सांगते. २०२१ च्या जानेवारीत आमच्या राव्ह-फोरची काच गेली. एका दुकानाने कॅलिब्रेशन धरून साडेसहाशे डॉलर सांगितले. ग्रुपवर मिळालेल्या नंबरचा माणूस म्हणाला दोनशे ऐंशी, आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये येऊन करून देतो. अर्थातच मी दोनशे ऐंशी म्हटलं. मीटिंग संपवून खाली आले, तर काच बसलेली, चकाचक. "कॅमेऱ्याचं काही करावं लागेल का?" असं मी विचारलंही होतं. तो म्हणाला, "डॅशबोर्डवर दिवा लागला तर बघा, नाहीतर काही नाही."

दिवा लागला नाही. आठवड्याने सासूबाईंना आणायला विमानतळावर गेले. परत येताना ई-४७० या टोलच्या हायवेवर रस्ता मोकळा, मी लेनच्या अगदी मधोमध, आणि स्टिअरिंग मला हळूच उजवीकडे ओढतंय. मी सरळ केलं की परत ओढायचं. मागून सासूबाई म्हणाल्या, "हात का गं थरथरतोय तुझा, दमलीस का?" मग एका पुलावर चढताना समोर चिटपाखरू नसताना लाल अक्षरांत "ब्रेक" चमकलं. मी पुढे एक्झिट घेऊन थांबले आणि लेनची सोय बंद करून टाकली. डीलरकडे कॅमेरा तपासला तर त्याची नजर बाजूला गेलेली. कॅलिब्रेशनचे साडेतीनशे झाले. इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले, कारण काचेचा क्लेमच मी केला नव्हता, खिशातून भरून मोकळी झाले होते. दोनशे ऐंशी आणि साडेतीनशे मिळून सहाशे तीस झाले. साडेसहाशेवाल्याकडे गेले असते तर फरक वीस डॉलरचा!

तर पहिली गोष्ट लक्षात ठेवा, दिवा न लागणं म्हणजे सगळं ठीक नव्हे. काही गाड्या कॅमेरा हलला की ओरडतात, काही नाही. कॅमेरा चालू आहे एवढंच गाडीला कळतं, तो नीट बघतोय की तिरका, हे कळेलच असं नाही.

डीलरकडे मी हट्टाने बघत उभी राहिले. खोलीला खिडक्या नाहीत, जमीन अगदी सपाट. आधी त्याने चारही टायरची हवा मोजली, मागच्या डिकीतलं सामान बाहेर काढायला लावलं (त्यात वीस पौंडांच्या तांदळाच्या दोन पिशव्या होत्या, त्या विसरलेच होते), स्टिअरिंग सरळ केलं. मग गाडीच्या पुढच्या लोगोपासून दोरीने चक्क ओळंबा सोडला! आपल्याकडे गवंडी भिंत बघायला सोडतो तोच. जमिनीवर खूण केली, मागच्या बाजूनेही तसंच केलं, दोन्ही खुणा जोडून गाडीची मधली रेघ काढली. त्या रेघेवर टेपने अंतर मोजून काळ्या-पांढऱ्या आकृतीचा फळा उभा केला, लॅपटॉप गाडीला जोडला आणि कॅमेऱ्याला तो फळा दाखवला. फळा दाखवायला दोन मिनिटं, आणि मोजमापाला पाऊण तास. मोजमाप हेच खरं काम, म्हणून पार्किंगच्या उतारावर ते होत नाही.

याला स्टॅटिक म्हणतात. दुसरा प्रकार डायनॅमिक, त्यात मशीन जोडून गाडी ठरावीक वेगाने रस्त्यावर चालवतात आणि कॅमेरा पट्टे बघून स्वतःला जुळवून घेतो. काही गाड्यांना दोन्ही लागतात. कुठल्या गाडीला काय, ते कंपनी ठरवते, दुकानदार नाही. टेस्लाचं निराळं, जुनं कॅलिब्रेशन पुसलं की साधारण २०-२५ मैल चालवताना ती स्वतःच शिकते. इथे हिवाळ्यात डायनॅमिकची एक अडचण असते, रस्त्यावर बर्फ असला तर पट्टे दिसत नाहीत. दुकानदार "दोन दिवसांनी या" म्हणाला तर तो टाळतोय असं समजू नका. मात्र तोवर त्या सोयींवर भरवसा ठेवू नका.

फोन करताना गाडीचा १७ अक्षरी व्हिन (ओळख) नंबर हाताशी ठेवा. ड्रायव्हरच्या बाजूला काचेच्या खालच्या कोपऱ्यातून तो बाहेरूनही वाचता येतो. एकाच मॉडेलला चार-पाच प्रकारच्या काचा असतात, पावसाचा सेन्सरवाली, वायपरखाली गरम होणारी, आवाज अडवणारी, वेग काचेवर दाखवणारी. व्हिन न विचारता भाव सांगणारा माणूस अंदाजे सांगतोय. मग थेट विचारा: कॅलिब्रेशन या भावात धरलंय का, तुम्ही स्वतः करता की डीलरकडे पाठवता, आणि झाल्यावर रिपोर्टची छापील प्रत देता का? तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळतो त्याला नमस्कार करा. काच गाडीच्या कंपनीची घ्यायची की बाहेरची, यावर ग्रुपवर महाभारत होतं. माझं मत विचाराल तर कॅमेरा असलेल्या गाडीला, इन्शुरन्स देत असेल तर, कंपनीचीच. खिशातून भरायचे असतील तर बाहेरची चांगली काचही चालते, कॅलिब्रेशन पार पडलं म्हणजे झालं.

इन्शुरन्सचं थोडक्यात. नवीन आलेले बरेच जण जुनी गाडी घेतात आणि फक्त लायबिलिटी (समोरच्याच्या नुकसानीचा विमा) काढतात. त्यात तुमची काच येत नाही. काच येते कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये (चोरी, गारा, उडालेला खडा अशा नुकसानीचं कव्हर), कोलिजनमध्ये (धडकेचं कव्हर) नाही. डिडक्टिबल (क्लेममध्ये आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम) पाचशे असेल तर साध्या काचेचा क्लेम करून काही हाती लागत नाही, पण कॅलिब्रेशन धरून बिल हजारावर गेलं तर लागतं. फ्लोरिडा, केंटकी आणि साउथ कॅरोलायनात कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर पुढच्या काचेला डिडक्टिबल लागत नाही. तिकडून बदली होऊन आलेले इथेही तेच धरून चालतात आणि फसतात. कोलोरॅडोत काचेचं वेगळं कव्हर जोडून घ्यावं लागतं. आमच्या पॉलिसीत ते महिन्याला एका दोशाच्या किमतीत आलं. क्लेमचा फोन लावलात की पुष्कळदा काचेचं काम बघणारी तिसरीच कंपनी उचलते आणि त्यांच्या यादीतलं दुकान पुढे करते. तुम्हाला दुसरं दुकान हवं असेल तर तसं सांगा, त्यांच्याच दुकानात जायला हवं असं नसतं. क्लेमवर काच आणि कॅलिब्रेशन दोन्ही लिहून घ्या.

काच युरेथेन नावाच्या गोंदाने चिकटवतात. तो सुकायला हवेतला ओलावा लागतो, आणि डेन्व्हरच्या हवेत नेमका तोच नाही. किती तासांनी गाडी चालवायची ते विचारा आणि तेवढे थांबा. अपघातात छपराला आधार देणं आणि शेजारच्या सीटच्या एअरबॅगला टेकू देणं हे कामही काचच करते, कच्ची चिकटलेली असेल तर करू शकत नाही. एक दिवस खिडकी बोटभर उघडी ठेवा, दारं आपटू नका, कार वॉश नको.

डॅशबोर्डवरचा गणपती. रागावू नका, आमच्याही गाडीत आहे. पण पितळी मूर्ती चकाकते, उन्हात तिचं प्रतिबिंब काचेवर पडतं आणि ते कॅमेऱ्याच्या वाटेत आलं तर तो गोंधळतो. आम्ही बाप्पाला खाली कप होल्डरजवळ बसवलंय. आरशाला लटकवलेली लिंबू-मिरचीही काढा.

जुनी गाडी घेताना एक युक्ती. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक छाप असतो, त्यात बनवणाऱ्याचं नाव असतं. दारांच्या काचांवर एक नाव आणि पुढच्या काचेवर दुसरंच दिसलं, तर काच बदललेली असण्याची शक्यता मोठी. मग विकणाऱ्याकडे कॅलिब्रेशनची पावती मागा. नसेल तर तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या आणि करून टाका.

आणि हो, एक्सप्रेसटोलचा, म्हणजे टोल आपोआप कापला जाणारा स्टिकर. तो जुन्या काचेवर चिकटलेला असतो, काढला की फाटतो. काच बदलली त्याच दिवशी नवा मागवा. आम्ही सगळं नीट केलं, एवढंच विसरलो, आणि पुढच्या महिन्यात नंबर प्लेटच्या फोटोवरून ई-४७० चं वाढीव दराचं बिल टपालाने घरी आलं.