घरी पेशंट शेवटच्या टप्प्यात आहे? मग सोबतीला ग्रुप कसा शोधायचा

फेसबुकवर शोधत बसू नका, तिथे काढे विकणारेच जास्त भेटतात. जिथे पॅलिएटिव्ह केअर (आजार बरा होत नसला तरी दुखणं, त्रास कमी करणारे उपचार) चालूये तिथल्या नर्सताईंना किंवा सोशल वर्करना सरळ विचारा की नातेवाइकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे का, मग ते पुण्यात वारज्याचं सिप्लाचं सेंटर असो, परळचं टाटा असो नाहीतर वांद्र्याचं शांती आवेदना सदन (१९८६ पासूनचं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना सांभाळणारी जागा). नसेल तर ओपीडीच्या बाकावर ओळख झालेल्या चार-पाच जणांचा तुम्हीच काढा, तेवढे पुरेत, दोनशे जणांसमोर रडता येत नाही.

जॉइन झालात की आधी नोटिफिकेशनचा प्रिव्ह्यू बंद करा. फोन पेशंटच्या उशाशीच पडलेला असतो आणि त्यांना सगळं सांगितलेलं असतंच असं नाही. पेशंटचे फोटो, रिपोर्ट टाकू नका.

मॉर्फिनचा (जबर दुखण्यावरचं औषध) डोस ग्रुपवर अजिबात विचारायचा नाही, दुसऱ्याच्या पेशंटचा डोस आपल्याला चालत नाही, तिथे नर्सताईंनाच फोन. पण मॉर्फिनने पोट साफ होत नाही, तेव्हा त्याचं औषध डॉक्टरांकडून सोबतच लिहून घ्या, हे मला ग्रुपवरच कळलं.

आणि खरं लिहा हो. मी एकदा रात्री अडीचला लिहिलं की आई तोंड उघडत नाहीये आणि मला तिचा राग येतोय, लिहिताना लाज वाटत होती, पण एका ताईंचा लगेच व्हॉइस नोट आला की शेवटी शेवटी भूक जातेच गं, जबरदस्ती करू नकोस, ठसका लागेल, नुसते ओठ ओले करत राहा. त्या रात्री मी वाटी बाजूला ठेवली आणि आईचा हात धरून बसले.

दुसऱ्याला उत्तर देताना "धीर धरा" एवढंच लिहू नका, आज झोपलात का, जेवलात का ते विचारा. कोणी फारच खचलेलं वाटलं, जगणं नको असं बोलायला लागलं, तर लगेच फोन करा आणि टेलि-मानसचा (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ नंबर द्या, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलतात.

कोणाचा पेशंट गेला की श्रद्धांजलीच्या स्टिकरांची रांग लावू नका, बाकीच्यांचे पेशंट अजून घरात असतात, ते बघून छातीत धस्स होतं, त्यापेक्षा एकेकाने फोन करा. आणि त्या माणसाला ग्रुपमधून काढू तर नकाच, तेराव्यानंतर पाहुणे जातात आणि घर खायला उठतं, खरी गरज तेव्हाच असते. मी पुढे सात महिने होते. उरलेलं मॉर्फिन सेंटरला परत केलं, आईची एअर मॅट्रेस ग्रुपमधल्याच धायरीच्या एका काकांना दिली, काकूंच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या.