वारशात आलेलं फॉक्सप्रो: या चुका टाळा

धरणगावकडच्या एका जिनिंगचं पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्यांच्या कापसाच्या हिशेबाचं, सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मी निव्वळ पायथनवाला. लिहिणारे काका कधीच निवृत्त झालेले, कोडात कॉमेंट औषधालाही नाही. आणि भाषा फॉक्सप्रो, नोंदींचे तक्ते सांभाळणारी जुनी भाषा, जिचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने 2015 मध्येच बंद केला.

सगळ्यात महागात पडलं ते "=" हे चिन्ह. 'सेट एक्झॅक्ट' ही तंतोतंत तुलनेची सेटिंग मुळात ऑफ असते; तेव्हा उजवीकडचा मजकूर संपला की तुलनाही संपते. म्हणजे "12" शोधलं की "121" आणि "125" सुद्धा जुळतात. काकांना हे पक्कं ठाऊक, म्हणून त्यांनी खाते क्रमांक "00012" असे ठेवलेले. मी ती शून्यं फालतू समजून उडवली. दुसऱ्या दिवशी एकाच शेतकऱ्याच्या पट्टीत तिघांचा कापूस! मुनीम दारात उभे: "काय व्हयनं भो?" घाईघाईत "=" चं "==" केलं, तर एकही खातं सापडेना. फील्ड दहा अक्षरी, उरलेली जागा स्पेसने भरलेली, आणि "==" त्या स्पेसही मोजतं. कडेच्या स्पेस काढणारं ऑलट्रिम लावल्यावर सुटलं. शून्यं मात्र मुकाट्याने परत ठेवली.

कोडातला विचित्र आकडा दिसला की हात शिवशिवतात. तीन ठिकाणी 355.62 होतं, मी 356 करणारच होतो. मुनिमांनी मान वर न करता सांगितलं, रुईची खंडी आहे ती, वजनाचं माप. 784 पौंडांचे किलो.

रद्द केलेल्या पावत्या रिपोर्टात दिसल्या तर लगेच 'पॅक' (खूण केलेल्या नोंदी कायमच्या काढणारी आज्ञा) मारू नका. 'डिलीट' नुसती खूण करतं, 'रिकॉल'ने नोंद परत येते, पॅकनंतर नाही. आधी खूण केलेल्या नोंदी लपवणारं 'सेट डिलीटेड' ऑन आहे का ते बघा.

लाइट गेल्यावर बेरजा चुकू लागल्या तर संशय इंडेक्सवर, म्हणजे नोंदींच्या अनुक्रमणिकेवर, घ्या. 'रीइंडेक्स' त्याच बिघडलेल्या सीडीएक्स या इंडेक्सच्या फायलीवर विसंबतं, म्हणून टॅग (इंडेक्सच्या व्याख्या) उतरवून घ्या, काढून टाका आणि नव्याने बांधा. बॅकअप नुसत्या डीबीएफ या नोंदींच्या फायलीचा घेऊ नका, सोबतची एफपीटी राहिली तर मेमोतला (लांब मजकुराच्या फील्डमधला) मजकूर गेला.

आणि हातात आलेल्या पीआरजी (मूळ कोडाच्या) फायलींतूनच चालू ईएक्सई, म्हणजे वापरातला तयार प्रोग्राम, बनलीय, हे गृहीत धरू नका. मी आता वेगळ्या फोल्डरात कंपाइल करतो, गेल्या हंगामातल्या वीस पट्ट्या पुन्हा काढतो आणि जुन्या कागदांशी पैसा न् पैसा ताडून बघतो. पहिल्या वेळी सात जुळल्या नव्हत्या.