टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स घेताय? ऑटोफोकसच्या बाबतीत या चुका टाळा

दर हिवाळ्यात कोणीतरी मला फोटो पाठवतंच, "दादा बघ ना जरा, लेन्स खराब आलीये का?" फोटोत मागचं गवत एकदम शार्प आणि पुढे उडणारा सुरय पक्षी पुसट. बहुतेक वेळा लेन्स ठणठणीत असते, घेतानाच बॉडीशी, म्हणजे कॅमेऱ्याशी, जोडी चुकलेली असते नाहीतर एखादं बटण भलतीकडे सरकलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त एमएम, म्हणजे लेन्स किती लांबचं ओढते तो आकडा, बघून घेणं. ६०० दिसलं की आपण विरघळतो आणि अ‍ॅपर्चरचा आकडा (लेन्स किती उघडते ते, एफपुढचा आकडा लहान तितकी जास्त) वाचायचाच राहतो. कॅमेरा फोकस करताना लेन्स पूर्ण उघडी ठेवून करतो (काही मिररलेस, म्हणजे आतला आरसा नसलेले नवे कॅमेरे, वेगळं वागतात, ते सोडा), म्हणजे तुम्ही फोटो एफ ८ ला काढा की ११ ला, फोकसला किती उजेड मिळणार ते लेन्सच्या सगळ्यात मोठ्या अ‍ॅपर्चरवर ठरतं. एफ २.८ ची लेन्स एफ ६.३ पेक्षा साधारण पाचपट उजेड आत घेते, हा फरक दुपारी कळत नाही, पहाटे सहाला धुक्यात बोटीत बसलात की मग कळतो, लेन्स नुसती पुढे-मागे घरघर करत राहते आणि पक्षी गेलेला असतो. अर्थात ४०० एमएम एफ २.८ च्या किमतीत गाडी येते हे मलाही माहितीये, म्हणून घेऊ नका असं म्हणत नाहीये, पण एफ ६.३ ची झूम घेऊन अंधारात बिबट्याची अपेक्षा धरू नका.

आणि त्यावर टेलिकन्व्हर्टर, लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावून एमएम वाढवणारी काच! १.४ एक्स लावला की एक स्टॉप गेला (उजेड निम्मा), २ एक्स लावला की दोन. एफ ६.३ वर २ एक्स म्हणजे जवळपास एफ १३. डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यांवर) तर विषयच संपला, निकॉन डी५०० मध्ये १५३ फोकस पॉइंट (फ्रेममधल्या फोकस लागायच्या जागा) आहेत पण एफ ८ ची जोडी झाली की त्यातले फक्त १५ चालतात, तेही मधले. मिररलेस इथे बराच पुढे आहे, कॅननच्या आरएफ (मिररलेससाठीच्या) ६०० आणि ८०० एमएम लेन्स तर एफ ११ च्याच आहेत आणि तरी फोकस करतात, फक्त आर५, आर६ या कॅमेऱ्यांवर फ्रेमच्या मधल्या भागातच, त्यामुळे पक्षी कडेला गेला की फोकस सुटतो. आरएफ १००-५०० वर एक्स्टेंडर (कॅननचा टेलिकन्व्हर्टर) लावायचा विचार असेल तर अजून एक गोम आहे, झूम ३०० च्या मागे येतच नाही. वाघ एकदम जिप्सीजवळ आला की तुमच्याकडे फक्त त्याचं नाक.

आता जुन्या लेन्सबद्दल. सेकंडहँडमध्ये निकॉनची ८०-२०० एफ २.८ एएफ-डी स्वस्तात मिळते, काच अजूनही मस्त, पण लेन्समध्ये मोटर नाही, ती बॉडीतल्या स्क्रूवर फिरते. डी३५०० किंवा डी५६०० मध्ये तो स्क्रूच नाही, निकॉनच्या मिररलेस झेड कॅमेऱ्यावर जुन्या लेन्स बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्येही नाही, म्हणजे या बॉड्यांवर किंवा झेड कॅमेऱ्यावर फोकसची रिंग हातानेच फिरवायची. एएफ-एस लिहिलेल्या लेन्सचं तसं नाही, त्यांच्यात मोटर असते, त्या अडॅप्टरवर फोकस करतात. कॅननच्या ईएफ (डीएसएलआरच्या) लेन्सही आरएफ बॉडीवर अडॅप्टर लावून छान चालतात.

सोनीवाल्यांनी एक गोष्ट आधीच माहिती करून घ्या. सिग्मा, टॅमरॉन या दुसऱ्या कंपन्यांच्या ई माउंट (सोनीच्या मिररलेसवर बसणाऱ्या) लेन्स चांगल्या आहेत पण अल्फा १ सारख्या बॉडीवर सोनीची लेन्स सेकंदाला ३० फ्रेम देते तिथे त्या १५ वर थांबतात आणि टेलिकन्व्हर्टर तर लागतच नाही. लग्न आणि क्रिकेटसाठी १५ भरपूर झाले माझ्या मते, धीवराच्या (खंड्या पक्ष्याच्या) सुरकांडीसाठी मात्र हात चोळत बसाल.

लेन्स घेऊन झाली, तरी फोकस लागत नाही

भिगवणला पहिल्यांदा मोठी लेन्स घेऊन गेलो तेव्हा फ्लेमिंगोंचा थवा उठला आणि माझी लेन्स जवळच्या पाण्यापासून अनंतापर्यंत आणि परत अशा फेऱ्या मारत बसली. नावाडी काका म्हणाले, "कॅमेरा झोपला का तुमचा?" दोष माझाच होता, लेन्सवरचा लिमिटर (फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारा स्विच) फुलवर ठेवला होता. तो स्विच कशासाठी असतो हेच लोक बघत नाहीत. सोनीच्या २००-६०० वर फुल, १० मीटर ते अनंत आणि १० ते २.४ मीटर अशा तीन जागा आहेत, निकॉनच्या २००-५०० वर फुल आणि ६ मीटर ते अनंत. लांबचे पक्षी काढताना जवळचं अंतर बंद करा, एकदा फोकस सुटला तरी लेन्स सगळी रेंज शोधत बसत नाही. उलट, समोरच्या फांदीवर सूर्यपक्षी बसला आणि काही केल्या फोकस लागेना, तर हाच स्विच आधी बघा.

फोकसचा मोड कंटिन्युअसवर (फोकस पक्ष्यामागे सतत बदलत राहतो तो) आहे ना तेही बघा, कॅननवाल्यांचा सर्वो. सिंगलवर अर्धं बटण दाबलं की फोकस तिथेच लॉक होतो आणि पक्षी पुढे येत राहतो.

शटर १/५०० ठेवून उडणारा पक्षी काढायचा आणि शिव्या फोकसला द्यायच्या, हे मी रोज बघतो. १/२००० च्या वर जा, मग बोला. आणि मे महिन्यात ताडोबात अकराच्या उन्हात २०० मीटरवरचा वाघ कुठल्याही लेन्सने शार्प येणार नाही, मधली तापलेली हवाच थरथरते. थंडीतही जिप्सीच्या गरम बॉनेटवरून काढलात तर तोच प्रकार. स्वस्तातला यूव्ही फिल्टर पुढे असेल तर तो काढून एकदा फोटो घेऊन बघा, लांब लेन्सवर खराब काच लगेच चुगली करते.

दुकानात टेस्ट करताना भिंतीवरच्या कॅलेंडरवर फोकस मारून खूश होऊ नका, ते कुठल्याही लेन्सला जमतं. दुकानदाराला विचारून दारात या, स्वतःची बॉडी लावा, समोरून येणाऱ्या स्कूटरवर सलग २०-३० फ्रेमचा बर्स्ट मारा आणि स्क्रीनवर १०० टक्के झूम करून नंबरप्लेट वाचता येते का ते फ्रेम-फ्रेम बघा, मग आत जाऊन ट्यूबलाइटच्या उजेडात जवळच्या वस्तूवरून लांबच्या वस्तूवर दहा वेळा फोकस टाका. सेकंडहँड असेल तर मागचे सोनेरी कॉन्टॅक्ट कोरड्या मऊ कापडाने पुसून परत बघा, कित्येकदा मेली म्हणून स्वस्तात काढलेली लेन्स तेवढ्यावर जिवंत होते, आणि तसं झालं तर दुकानात चेहरा सरळ ठेवा.